डंक बंद झालेला नाही

भंगारवाल्याने पहिलं मुसळ उपसलं, त्याने आणि हाताखालच्या पोराने मिळून उचललं आणि बोळाच्या तोंडाशी उभ्या टेम्पोत टाकलं. त्या आवाजाने गल्लीतली कुत्री दचकून उठली. दुसऱ्या मुसळाला तो हात घालणार तेवढ्यात माझी सून आतून आली आणि सरळ उखळावर जाऊन बसली. एरवी उखळावर बसलेली बाई मी खपवून घेतली नसती.

"वहिनी, उठा. काम करू द्या."

"पावणं, आधी टेम्पोतलं मुसळ खाली घ्या."

"तुमच्या मालकांनी सौदा केलाय. त्यास्नी विचारा."

"मालक कामावर हाईत. विचारायचं तवा विचारीन. तुमी मुसळ खाली घ्या."

भंगारवाला माझ्याकडे बघायला लागला. मी पायरीवर बसले होते. सौदा माझ्या पोराने मला विचारूनच केला होता. सून माझ्याकडे वळली.

"आत्या, तुमी व्हय म्हटलंसा?"

"म्हटलं. गिऱ्हाईक न्हाई तर लोखंडाची पूजा घालू?"

डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. मोटरीच्या पट्ट्यावर लोखंडी मुसळं वरखाली होतात, खाली उखळं असतात, त्यात मिरची आणि मसाला पडतो आणि चटणी होते. आमच्याकडे वर्षाची कांदा-लसणाची चटणी उन्हाळ्यात एकदाच करून ठेवतात. होळी झाली की डंकाला उसंत नसते. त्या वर्षी होळी होऊन गेली होती, चैत्र लागला होता आणि आमच्या दारात भंगारवाल्याखेरीज कोणी नव्हतं.

टेम्पो बघून शेजारीण आली. तिला कुठलाही टेम्पो बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

"म्हंजे खरंच बंद केलासा की! माझी भैन पुण्यासनं म्हनत हुती, तर मी तिलाच येड्यात काढली."

"काय म्हनत हुती?" सुनेने विचारलं.

"तिच्या पोरानं कॉम्प्युटरवर तुमचा नंबर बघितला. चटणीसाठनं येनार हुती न्हवं ती. फोन लावला तर कोन बाप्या म्हनला, डंक बंद झाला, मालक मेला, परत फोन करू नका."

माझे मालक वारून पाच वर्षं झाली होती. तेवढं खरं होतं. पण आमच्या घरचा फोन मी उचलते नाही तर सून उचलते. घरात बाप्या एकच, माझा पोरगा, आणि तो दिवसभर फौंड्रीत असतो. मग हा फोनवरचा बाप्या कोण?

सून उखळावरून उठली. भंगारवाल्याला म्हणाली, "अक्षय तृतीया झाल्यावर या. तवा आडवी येणार न्हाई."

"तोवर भाव पडंल."

"पडू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ती म्हनती तसं कर बाबा. मला रोज रोज तमाशा नको." मुसळ खाली आलं. खाली आणताना त्याने आईबहिणीवरून जे काही म्हटलं ते मी ऐकलं नाही असं केलं.

ही सून गारगोटीची. तिच्या बापाचं तिथे बाजारात बी-बियाणाचं दुकान. कॉलेज शिकलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मी चौथी. पहिल्या वर्षात आमचं फारसं जमलं नाही, कारण ती प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायची, आणि मला का ते माहीत नसायचं. चटणी सावलीतच का गार करायची? माझ्या सासूने केली म्हणून. हे तिला पटायचं नाही.

आता आमचा धंदा कसा होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तिने काय केलं ते कळणार नाही.

नव्वद सालाच्या आसपास आमचा डंक मोठ्या रस्त्यावर, चौकात होता. गल्लीतल्या बायका यायच्या तशा लांबच्याही यायच्या. गगनबावड्याकडची माणसं घाटाखालच्या पाहुण्यांची मिरचीसुद्धा पोत्यात घालून आणायची. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्यांच्या बायका मे महिन्यात माहेरी आल्या की वर्षाची चटणी करून डबे भरून न्यायच्या. मिरची कोणीही ठेवून जात नसे. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळेल म्हणून बाई शेवटच्या मुठीपर्यंत उखळाजवळ उभी राहायची, नाकाला पदर, डोळ्यांना धार. सगळ्याजणी खोकत खोकत एकमेकींच्या सुनांची निंदा करायच्या. माझं अर्धं गाव त्या खोकल्यातून ओळखीचं झालं.

आमच्याकडे फोन नव्हता. शेजारी बांगड्यांचं दुकान होतं, तिथल्या चाचीकडे होता. तेव्हा सगळेच शेजारच्याचा नंबर द्यायचे आणि पुढे पी.पी. लिहायचे. पुण्याचा फोन आला की चाची भिंतीवर लाटणं हाणायची. "ओ भाबी, पुने का फोन हाय! मिरची कौनसी लाऊं पूछती!" मी कांडप सोडून पळायचे. चाचीने कधी कपाळाला आठी घातली नाही. ईदेला तिच्या शिरखुर्म्याचं पातेलं आमच्याकडे यायचं आणि दिवाळीला आमचं ताट तिच्याकडे जायचं.

जाहिरात म्हणून आम्ही एकच करायचो. जवळच्या तालमीचा गणपती असायचा, त्याची स्मरणिका निघायची. पहिलवान पोरं पावतीपुस्तक घेऊन यायची आणि मालक दर वर्षी पाव पान घ्यायचे. त्यात काय छापायचं तेही ठरलेलं. डंकाचं नाव, खाली चाचीचा नंबर आणि पत्त्याच्या जागी, "चौकात कुणालाही विचारा." आमच्या गावात पत्ता असाच सांगतात. घराच्या नंबरावरून कोणी कोणाच्या घरी गेलेलं मी बघितलेलं नाही.

पुढे मालक गेले. त्यानंतर रस्ता रुंद करायला घेतला आणि चौकातली दुकानांची रांग पाडली. आमची जागा गेली, चाचीची गेली. चाचीने फोन परत केला आणि लेकीकडे मिरजेला गेली. आम्ही डंक घराच्या पुढच्या सोप्यात आणून बसवला, तालमीच्या मागच्या बोळात. स्वतःचा फोन घेतला. मला वाटलं, माणसं शोधत येतील. दोन वर्षं थोडीफार आली. तिसऱ्या वर्षी शेजारणीखेरीज कोणी नाही. पोरगा म्हणायला लागला, "आई, आता पाकीट मिळतंय दुकानात. कोन डोळं जाळून घ्यायला येतंय?" मला त्याचं म्हणणं पटलं होतं. लोकांची जीभ बदलली, असं मी धरून चालले होते.

सुनेने ते धरलं नाही. भंगारवाला गेला त्याच दुपारी ती नेट कॅफेत गेली आणि संध्याकाळी भाकऱ्या थापताना सगळं सांगितलं.

"आत्या, आपला डंक कॉम्प्युटरवर हाय."

"आपन कवा टाकला?"

"आपन न्हाई. शहराची माहिती गोळा करणारं कोनतरी असतंय, त्यांनी स्मरणिका बघून जशीच्या तशी उतरवलीया. चाचींचा नंबर. पत्ता, चौकात कुणालाही विचारा. आनि नकाशावर आपली खूण कुठं हाय म्हाईत हाय? मोठ्या रस्त्याच्या मधी. दुभाजकावर."

मला हसू आलं. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पुण्याहून आलेली माणसं त्या रुंद रस्त्यात गाडी थांबवून कोणाला विचारणार? ज्यांना विचारायचं ती सगळी माणसं दुकानांबरोबर उठून गेली होती.

"आनि खाली इंग्रजीत लिवलंय, कायमचं बंद. दोघातिघांनी फोन केला आसंल, तो बाप्या बंद म्हनला आसंल, मग त्यांनी तसं कळवलं आसंल. ते वाचून बाकीची येतच न्हाईत. मागनी कमी झाली न्हाई, आत्या. आपल्याखाली चार डंकांची नावं हाईत, तिथं गर्दी हाय. मी जाऊन बघून आले."

भाकरी तव्यावर टाकायच्या आधी ती दुसऱ्यांचे डंक बघून आली होती. माझ्या पोराला दोन वर्षांत हे सुचलं नव्हतं. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चाचीच्या जुन्या नंबरावर फोन लावला. मी शेजारी बसून ऐकलं. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की कान लावायची गरज नव्हती.

"हॅलो, ते डंकाचं..."

"बंद झाला! मालक मेला! ठेवा फोन!"

"मालक वारले ते खरं हाय, काका. माझे सासरे हुते. पर डंक चालू हाय."

पलीकडचा आवाज खाली आला.

"खरंच वारले?"

"पाच वर्सं झाली."

"अहो बाई, मला काय माहीत! मी आपला रागाच्या भरात म्हणत होतो. रिटायर झालो, फोन घेतला, हा नंबर मिळाला, तेव्हापासून उन्हाळा आला की दुपारी डोळा लागत नाही. एक बाई विचारते, ब्याडगी आणू का संकेश्वरी? मी काय सांगू तिला?"

"मग काय सांगितलंसा?"

"दोन्ही आणा म्हटलं."

"बरोबर सांगितलंसा की. आमी बी तेच सांगतो."

तो माणूस हसला. मी असते तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आमचा धंदा त्याच्या दुपारच्या झोपेपायी बुडायला आला होता. सुनेचा आवाज मात्र जरासुद्धा चढला नाही. तिने आमचा नंबर त्याला लिहून घ्यायला लावला आणि परत म्हणून दाखवायला लावला. "काका, फोन आला की एवढा नंबर सांगा. मे संपला की तुमाला कोन उठवनार न्हाई. तुमची चटणी आमी कुटून देतो."

"मला ॲसिडिटी आहे."

"मग काळा मसाला देतो."

त्या माणसाने शब्द पाळला. पुढे तर लोडशेडिंग किती ते किती आहे हेसुद्धा तो लोकांना सांगायचा. त्यासाठी आमच्याकडे फोन करून विचारून घ्यायचा. माणूस रिकामा होता, त्याला काम मिळालं.

आता कॉम्प्युटरवरचं चुकलेलं पुसायचं होतं. मला वाटलं, शाळेच्या पाटीवरचं पुसतात तसं पुसत असतील. तसं नाही. डंक आपलाच आहे हे आधी त्यांना पटवून द्यावं लागतं. नेट कॅफेत बटण दाबलं की आपण दिलेल्या नंबरावर त्यांचा फोन येणार, त्यावर एक बाई इंग्रजीत आकडे सांगणार, ते आकडे परत तिथे भरायचे. सून म्हणाली, "मोबाइलचा नंबर द्यायचा न्हाई. मोबाइल बदलतोय. एकदा नंबर बदलल्याचं आपन भोगलंय. घरचाच देऊ." म्हणजे ती कॅफेत आणि फोन माझ्याजवळ. तिने मला दोनदा समजावून सांगितलं. मी म्हटलं, "मला शिकवू नको. वन टू मला येतंय."

फोन आला. पलीकडे बाई. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम इंग्रजी.

"कोन पाहिजे?" मी म्हटलं.

ती बोलतच राहिली. माणूस बोलतं तशी थांबत नव्हती.

"अगं, जरा दम खा. कोन बोलतीयास?"

तिने तेच परत म्हटलं, त्याच आवाजात, त्याच सुरात. मला वाटलं कोणी चेष्टा करतंय. मी फोन ठेवून दिला.

थोड्या वेळाने सुनेचा फोन आला. "आत्या, किती लिवून घेतलंसा?"

"काय लिवून घ्यू? ती धड बोलंना. उर्मट हाय."

"आत्या, ते मशीन हाय."

"मशीन आसंल तर आधी सांगायचं व्हतंस."

"सांगितलं व्हतं."

"बाई म्हनलीस. मशीन न्हाई म्हनलीस."

ती तिकडे हसायला लागली. मग म्हणाली, "परत दाबते. ह्या बारीला काय बोलू नका. निस्तं ऐका." मी खडू घेतला. वही शोधत बसण्यापेक्षा मिरचीचं पोतं समोर होतं, त्यावर आकडे लिहिले, मराठीत. बाईने दोनदा सांगितले, मी दोनदा लिहिले, दोन्ही सारखे आले. सुनेचा परत फोन आल्यावर तिला वाचून दाखवले. फोनवरून मला कळफलकाचा आवाज आला आणि मग ती ओरडली, "आत्या, झालं! डंक आपला झाला!"

मी म्हटलं, "आपलाच व्हता."

पण मला बरं वाटलं. का ते विचारू नका.

यानंतर तिने जे केलं ते बघून मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. पत्ता बदलला, नंबर बदलला, 'बंद' काढलं, एवढ्यावर कोणीही थांबलं असतं. पण नकाशावर आमचा बोळच नव्हता. तालीम होती, पलीकडचा रस्ता होता, मधे पांढरं. आमची खूण ठेवायला गेलं की ती तालमीच्या आखाड्यात जाऊन पडायची. तेव्हा त्या नकाशात लोकांना आपापले रस्ते काढून पाठवता यायचे. तिने आमचा बोळ काढून पाठवला. कुठे वळतो, कुठे अरुंद होतो, सगळं. मंजुरी यायला काही दिवस गेले.

बोळ नकाशावर आला तेव्हा तिने मला कॅफेत नेऊन दाखवलं. त्या खोलीतली कॉलेजची पोरं माझ्या लुगड्याकडे बघत होती. मी त्यांच्याकडे बघितलं तशी त्यांनी माना खाली घातल्या.

"ही आपली गल्ली."

"एवढीशी?"

"नकाशात एवढीच."

"पिंपळ कुठाय?"

"झाडं दावत न्हाईत."

"मग मानसं कशावरनं वळायची?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि टाइप करायला घेतलं. पत्त्यात तिने लिहिलं, तालमीच्या मागचा बोळ, पिंपळापासून डावीकडे. वॉर्ड आणि घराचा नंबरही लिहिला, पण खाली.

मग तिने बायकांना विचारायला सुरुवात केली. गल्लीत, बाजारात भेटेल त्या बाईला एकच प्रश्न. "काकू, तुमाला डंक म्हाईत नसता तर तुमी काय म्हनून शोधला असता?" एक म्हणाली मिरची कांडप. पुण्याहून आलेली एक बाई म्हणाली, मसाला कुटून देणारे. कोकणातली म्हणाली, आमच्यात नुसती गिरणीच म्हणतात. एका पोरीने सांगितलं, मी मराठीत लिहीतच नाही, इंग्रजी अक्षरांत लिहिते. सुनेने ते सगळे शब्द आमच्या माहितीत घातले, जसे लोक म्हणतात तसे, इंग्रजी अक्षरांतही. मला म्हणाली, "आत्या, आपन त्येला काय म्हनतो ते आपल्याला म्हाईत हाय. येणाऱ्याला म्हाईत न्हाई. त्येच्या तोंडचं लिवायचं."

ही गोष्ट मला तीस वर्षं डंक चालवून कळली नव्हती. मालकांनाही कळली नव्हती. आमचा धंदा ओळखीवर चालायचा. ओळख नसलेल्या माणसाचा विचार करायची आम्हाला गरज पडली नव्हती.

वेळसुद्धा तिने खरी लिहिली. बाकीच्या डंकांचं सकाळी ते संध्याकाळी असं लिहिलेलं होतं, आणि माणूस मिरच्या घेऊन गेला की लाइट नसायची. हिने लोडशेडिंगचे तास सोडून वेळ लिहिली आणि वेळापत्रक बदललं की कॅफेत जाऊन बदलून यायची. त्यासाठी भर उन्हात डोक्यावर टॉवेल टाकून जायची. मी एकदा म्हटलं, "एवढ्यासाठनं कशाला जातीस?" तर म्हणाली, "एकदा खोटं निघालं की बाई परत येत न्हाई."

पोराचा एक मित्र होता. त्याने सांगितलं, वहिनी, मी दहा नावांनी तुमच्या डंकाचं कौतुक लिहितो, लगेच वरती याल. माझा पोरगा लगेच तयार. सून म्हणाली, "भावजी, तुमी कधी चटणी कुटून घेतलीया?" तो म्हणाला नाही. "मग काय लिवनार? येऊन कुटून घ्या, मग लिवा." तो आला नाही. त्याऐवजी पुढे गिऱ्हाईक वाढल्यावर तिने डंकावर आलेल्या कॉलेजच्या पोरींना सांगितलं, जे घडलं ते लिहा, गोडधोड लिहू नका. एकीने लिहिलं, इथल्या मावशी खूप बोलतात, पण मिरची डोळ्यांदेखत कुटतात आणि मूठभरही कमी देत नाहीत. पोरगा चिडला. म्हणाला, "आईची बदनामी हाय ही, काढ." मी म्हटलं, "यात खोटं काय हाय?" ते राहिलं. पुढे कितीतरी माणसांनी मला हसत हसत सांगितलं की आम्ही ते वाचून आलो.

सगळं लगेच जमलं असं नाही. पहिले पंधरा दिवस दोनच फोन आले, त्यातला एक सिमेंट पाहिजे होतं त्याचा. पोरगा जेवताना टोमणे मारायचा. "काय मग, दुभाजकावरचं गिऱ्हाईक घरी आलं का?" सून वाढत राहायची. ती एकदाच बोलली. "तुमच्या फौंड्रीत लोखंड वितळायला येळ लागतोय का न्हाई?" पोरगा भाकरी मोडायला लागला.

आणि मग एका सकाळी बोळात गाडी आली. आमच्या बोळात गाडी येतच नाही, पिंपळापाशी अडते. ती अडली आणि आतून एक माणूस, त्याची बायको आणि मिरचीचं पोतं उतरलं. बाईच्या हातात छापलेला नकाशा होता, त्यावर तिने पेनाने गोल केला होता. ती सरळ माझ्या दारात आली.

"मावशी, डंक हाच ना?"

"हाच. कुणाला विचारलंसा?"

"कुणालाच नाही."

खरं सांगते, ते ऐकून मला जरा चमत्कारिक वाटलं. आमच्याकडे येणारं माणूस पाच जणांना विचारत यायचं, तोवर गल्लीला कळायचं की डंकाकडे पाहुणे आलेत. ही बाई कोणाशी न बोलता आली. पण आली. चौकातल्या डंकावर तिची आई यायची म्हणाली, त्या रस्त्यावर तीन वर्षं हेलपाटे घातले म्हणाली. मग नाकाला पदर लावून उखळाजवळ उभी राहिली आणि इतकी खोकली की मी तिला गुळाचा खडा दिला. जाताना तिने सुनेला विचारलं, "हे सगळं कुणी केलं?"

सून म्हणाली, "आत्यांनी आकडं लिवून घेतलं."

मला खोटं कौतुक आवडत नाही. मी म्हटलं, "मी खडूनं चार आकडं लिवलं. बाकीचं सगळं हिचं." त्या बाईसमोर मी सुनेला बरं म्हटलं, ही पहिलीच वेळ असेल. सून आत चाळण आणायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी हाक मारली, गिऱ्हाईक थांबलंय.

अक्षय तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात बायका पायरीवर मावेनात. पिंपळाच्या पारापर्यंत पोती लागली. राधानगरीकडचे लोक जीप करून आले. तो दुपारी झोपणारा रिटायर माणूस एकदा स्वतः आला, काळा मसाला घेऊन गेला आणि तासभर रांगेतल्या बायकांना आपण किती फोन झेलले ते सांगत बसला. माझा पोरगा सुट्टीच्या दिवशी पट्टा ओढायला उभा राहिला. डोळे लाल करून घरात आला, तोंड धुतलं आणि सुनेला न विचारता भंगारवाल्याला फोन लावला. "पावणं, येऊ नका. डंक द्यायचा न्हाई." पलीकडून काहीतरी शिवी आली असणार, कारण पोरगा हसला.

मी सुनेला म्हटलं, "त्यो फोन तू लावला आसतास तर बरं झालं आसतं. अक्षय तृतीयेचा वायदा तुझा हुता."

ती म्हणाली, "सौदा त्यांनी केलता, त्यांनीच मोडला. बरोबर झालं की."

तिचं असंच. जिंकून घेतलेलं माणसाच्या तोंडावर मारत नाही. मी आयुष्यभर मारत आले, त्यामुळे मला ते जास्त कळतं.

पुढच्या वर्षी तिने चटणीचे फोटो टाकले, मसाल्याची यादी टाकली, कुठल्या मिरचीला किती वेळ लागतो तेही लिहिलं. तिला आता प्रत्येक "का?"चं उत्तर माझ्याकडून काढून घ्यायचं असायचं आणि मी आठवून आठवून सांगायला लागले. चटणी सावलीत का, तर उन्हात रंग उडतो. हे मला माहीत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. नेट कॅफेवाला तिला वहिनी म्हणून खुर्ची राखून ठेवायचा. बोळातल्या पिठाच्या गिरणीवाल्यानेही तिला आपली खूण नकाशावर टाकायला सांगितली. तिने टाकून दिली, त्याच्याकडून आकडे लिहून घेऊन, माझ्याच खडूने.

रस्ता रुंद व्हायच्या आधी त्या चौकाच्या आसपास तीन डंक चालायचे. एकाने जागेची भरपाई घेतली आणि धंदा सोडला. दुसऱ्याने घरात मशीन बसवलं, गिऱ्हाईक आलं नाही, दोन वर्षांत ते विकलं. तिसरा आमचा. तो चालू आहे. मालक नाहीत. मी आता उखळाजवळ उभी राहू शकत नाही. डंक माझी सून चालवते.